विकणाऱ्यानेंहि सावध असावें

गुरांचा बाजार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें दृश्य परिचयाचें असेल. बैलजोडी मध्यें उभी असते. दलाल व विकणारा उपरण्याखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव करितात. बघ्यांस किंमत कळत नाहीं. सौदा ठरला म्हणजे घेणारा नोटा मोजून देतो, विकणारा त्या पुन्हा मोजून घेतो, बाजाराची पावती होते, आणि मगच बैलांचें दावें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें. ज्याला स्वतःची सही करतां येत नाहीं असा शेतकरीहि या क्रमांत चूक करीत नाहीं. ‘आधीं तूं मला अकरा हजार दे, म्हणजे मी तुला बैलाचे बावीस हजार देतों,’ असें कोणी त्यास म्हणाला, तर तो हंसून पुढें चालूं लागेल.

परंतु तोच शेतकरी, किंवा त्याचा पदवीधर मुलगा, किंवा त्या मुलाचा शिक्षक, हातांत मोबाइल घेऊन घरांतील जुनी मौल्यवान वस्तु विकावयास बसला म्हणजे नेमकी हीच गोष्ट करून बसतो. हें आम्ही ऐकीव गोष्टीवरून लिहीत नाहीं. तो शिक्षक आम्हीच आहों. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, असें म्हणतात. आमची ठेंच आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूनें ती येथें सांगत आहों.

२०२२ च्या उन्हाळ्यांतील गोष्ट. आमच्याजवळ चांगल्या स्थितींतील एक लॅपटॉप होता. मुलीच्या प्रवेशाची फी भरावयाची होती, म्हणून तो विकावा असा विचार झाला. बोरीहून जिंतूरला आणि परभणीला जाऊन चौकशी केली, तों दुकानांत सांगितलेली किंमत फारच कमी वाटली. तेव्हां छायाचित्रें काढून, २२,००० रुपये किंमत लिहून, विक्रीच्या एका संकेतस्थळावर आम्हीं जाहिरात दिली. अर्ध्या तासांत फोन आला.

बोलणारा हिंदींत, मोठ्या अदबीनें बोलत होता. आपण सैन्यांत आहों, बदली झाली आहे, मुलासाठीं लॅपटॉप हवा आहे, किंमत मान्य आहे, वस्तु नेण्यास छावणीची गाडी येईल, असें त्यानें सांगितलें. गणवेषांतील छायाचित्र व ओळखपत्र पाठविलें. एका रुपयाचीहि घासाघीस केली नाहीं. येथेंच आम्हीं सावध व्हावयास पाहिजे होतें. कारण न पाहिलेल्या वस्तूची तोंडांतून निघेल ती किंमत देणारें गिऱ्हाईक आम्हीं कोणत्याहि बाजारांत कधीं पाहिलेलें नव्हतें. पण सैनिकाविषयींचा आदर आणि फीची निकड या दोहोंनीं आमची शंका झांकून टाकिली.

प्रथम त्यानें खात्री पटावी म्हणून १० रुपये पाठविले. ते खरोखरच आमच्या खात्यांत आले. मग त्यानें ११,००० रुपयांचा क्यूआर कोड पाठविला आणि ‘हा स्कॅन करून पिन टाका, निम्मी रक्कम जमा होईल,’ असें सांगितलें. आम्हीं पिन टाकिला, आणि ११,००० रुपये यावयाचे ते गेले. ‘चूक झाली, हाच कोड पुन्हा स्कॅन करा, म्हणजे दोन्ही रकमा एकदम परत येतील, आमच्याकडील नियमच तसा आहे,’ असें तो घाईघाईनें सांगूं लागला. फोन खालीं ठेवूं देईना. गेलेलें परत मिळविण्याच्या धडपडींत आम्हीं तेंहि केलें. जितक्या रुपयांस लॅपटॉप विकावयाचा होता तितकेच रुपये आम्ही देऊन बसलों, आणि लॅपटॉप मेजावर तसाच होता.

आतां शांतपणें विचार करितां, या सर्व फसवणुकीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. पिन हा पैसा देण्यासाठीं लागतो. पैसा घेण्यासाठीं तो कधींहि लागत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें एनपीसीआय या संस्थेनें यूपीआयची पद्धत आपल्या देशांत आणिली. तींत चार किंवा सहा आकड्यांचा पिन म्हणजे बँकेच्या कागदावरील आपली सहीच होय. खात्यांतून रक्कम काढावयाची असेल किंवा शिल्लक पाहावयाची असेल तेव्हां ती सही मागितली जाते. दुसरा कोणी आपल्या खात्यांत पैसे भरीत असेल तर त्याला आपली सही कशास हवी? अलीकडे कांहीं ठिकाणीं पिनऐवजीं बोटाचा ठसा किंवा चेहरा चालूं लागला आहे. त्यासहि हाच न्याय लागू आहे. क्यूआर कोडचेंहि तसेंच. किराणा दुकानांतील चौकोनी चित्र आपण स्कॅन करितों तें पैसे देण्यासाठीं. दुकानदार नुसता उभा असतो, आणि पैसे त्याच्या खात्यांत जातात. आपण वस्तु विकावयास बसलों म्हणजे आपण त्या दुकानदाराच्या जागीं असतों. त्याला जें करावें लागत नाहीं तें आपण कां करावें?

वस्तु विकत घेणाऱ्यानें जपावें, हें आपणांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. माल खोटा निघेल, वजन कमी भरेल, ही भीति घेणाऱ्याची. विकणाऱ्याजवळ तर वस्तु आहे; त्याला कसली भीति? ही समजूतच भामट्याचें भांडवल होय. नवखा विकणारा गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो, आणि जो वाट पाहत असतो तो आलेल्याची फारशी चौकशी करीत नाहीं.

आणि हे भामटे एकटेदुकटे नसतात. एप्रिल २०२३ मध्यें हरियाणांतील नूह जिल्ह्यांत पोलिसांनीं एकाच वेळीं १४ गांवांवर छापे घातले. पुढें झालेल्या तपासावरून, देशभरांतील सुमारें २८,००० लोक सुमारें १०० कोटी रुपयांस फसविले गेल्याचें पोलिसांनीं जाहीर केलें. जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीच्या जाहिराती हें त्यांच्या अनेक जाळ्यांपैकीं एक जाळें होतें. आम्हांस आलेला फोन कोठून आला होता तें आम्हांस कधीं कळलें नाहीं. पण या बातमीनें एक गोष्ट मनांत ठसली. आमच्याशीं बोललेल्या माणसानें तेंच भाषण त्या दिवशीं आणखी अनेकांस ऐकविलें असेल. त्याला आमच्या बुद्धीशीं सामना करावयाचाच नव्हता. आम्हांस विचार करण्यास सवड मिळूं न देणें एवढेंच त्याचें काम होतें.

पूर्वीं पैसे मागण्याची विनंती दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवून, ती पैसे आल्याची सूचना आहे असें भासविण्याचा प्रकार फार चाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय एनपीसीआयनें बंद केली. एक दार लागलें; पण चोर दुसरीं दारें शोधतोच. त्यांतील मुख्य तेवढीं सांगतों.

पहिलें दार खोट्या पावतीचें. ‘पैसे पाठविले, हें पहा,’ म्हणून घेणारा आपल्या मोबाइलवरील चित्र दाखवितो, किंवा बँकेच्या नांवानें संदेश येतो. तें चित्र कोणासहि तयार करतां येतें. आपलें खातें आपण स्वतः उघडून रक्कम दिसेपर्यंत वस्तु हातावेगळी करूं नये. दुसरें दार चुकीचें. ‘अडीच हजारांऐवजीं पंचवीस हजार गेले, वरचे परत पाठवा,’ असा रडवेला फोन येतो. पाहूं जातां मुळांत कांहींच आलेलें नसतें. तिसरें दार लिंकचें. कुरियरची नोंद करण्यासाठीं म्हणून एखादी लिंक किंवा ॲप पाठविलें जातें, आणि तें घेतांच आपला मोबाइल परक्याच्या ताब्यांत जाऊं शकतो. अनोळखी माणसानें पाठविलेलें ॲप घेऊं नये, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासहि सांगूं नये. चौथें दार प्रत्यक्ष भेटीचें. रात्रीं, आडबाजूस, एकट्यानें या, असें जो म्हणतो त्याच्याकडे जाऊंच नये. दिवसां, वर्दळीच्या जागीं, घरचें वडील माणूस बरोबर घेऊन जावें, आणि रोख रक्कम घेतल्यास नोटा पारखून घ्याव्या.

वस्तु देण्यापूर्वीं करावयाचीं कामेंहि थोडीं पण महत्त्वाचीं आहेत. सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घ्यावें. आपलीं छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं. गूगल वगैरे खात्यांतून बाहेर पडावें. मग यंत्र कोरें करावें. प्रत्येक मोबाइलला पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक असतो; तो टिपून ठेवावा. मूळ बिलाची प्रत ठेवावी. घेणाऱ्याचें नांव, तारीख, किंमत व सही असलेली साधी पावती करून घ्यावी. उद्यां त्या मोबाइलवरून कांहीं गैरकृत्य घडलें तर ‘अमुक दिवशीं मीं तो विकला’ असें दाखविण्यास तोच कागद कामीं येईल. विद्यार्थ्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान मुलास करार करण्याचा अधिकार नाहीं. म्हणून अठरा वर्षांखालील मुलानें मोबाइल परस्पर विकूं नये. व्यवहार आईवडिलांच्या हातूनच व्हावा.

‘मग या मार्गानें कांहीं विकूंच नये काय?’ असें कोणी विचारील. आमचें तसें म्हणणें नाहीं. घरांत पडून राहिलेली चांगली वस्तु गरजू विद्यार्थ्याच्या कामीं येणें आणि विकणाऱ्यास योग्य मोल मिळणें, यांत दोघांचेंहि हित आहे, आणि पुष्कळ गिऱ्हाइकें प्रामाणिक असतात. प्रामाणिक गिऱ्हाईक वस्तु पाहूं इच्छितें, चार प्रश्न विचारतें, घासाघीस करितें, आणि आपण ‘उद्यां सांगतों’ म्हटलें तर रागावत नाहीं. ज्याला उद्यांपर्यंत थांबवत नाहीं त्याला परत पाठविण्यांत आपलें नुकसान नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास आम्हांस अधिक संकोच वाटतो. पैसे गेल्यावर आम्हीं तीन दिवस घरांत कोणालाहि सांगितलें नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें मनाशीं म्हणत बसलों. मुलांस शहाणपण शिकविणारा माणूस असा फसला हें लोकांस कळेल, ही लाज बावीस हजारांहून मोठी वाटली. चौथ्या दिवशीं पत्नीस सांगितलें, आणि तिनेंच आम्हांस पोलीस ठाण्यांत नेलें. तक्रार नोंदली गेली. पण तोंपर्यंत पैसा अनेक खात्यांतून फिरून निघून गेला होता. ‘त्याच दिवशीं कां आलां नाहीं?’ या तेथील प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

फसवणुकीचा पैसा प्रथम दुसऱ्याच कोणाच्या खात्यांत जातो व तेथून पुढें सरकतो. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळविलें, तर तो वाटेंतील खात्यांत असतांनाच बँकांकरवीं अडविला जाण्याचा संभव असतो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरहि तक्रार नोंदवितां येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणें संगणकाच्या साहाय्यानें तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु शिक्षेनें गेलेला पैसा परत येतोच असें नाहीं. तो मिळण्याची आशा पहिल्या कांहीं तासांत असते, आणि तेच तास माणूस लाजेंत घालवितो. या बाबतींत झांकली मूठ सव्वा लाखाची नव्हे. ती सव्वा लाख घालविणारी आहे.

म्हणून त्या वर्षापासून आम्ही हा प्रसंग प्रत्येक वर्गास सांगतों. गेल्या वर्षीं नववींतील एका मुलीचे वडील जुना मोबाइल विकीत होते. पलीकडून क्यूआर कोड आला. वडिलांनीं पिन टाकण्यास बोट उचललें. तेवढ्यांत मुलगी म्हणाली, ‘अप्पा, मोबाइल आपण विकतोय, मग पिन आपण कशाला टाकायचा?’ मोठ्यांच्या व्यवहारांत बोलूं नको, म्हणून प्रथम ते तिच्यावर रागावले. पण प्रश्नाचें उत्तर त्यांस सांपडेना, आणि त्यांनीं फोन खालीं ठेविला. ही हकीकत त्यांनींच शाळेंत येऊन, मुलीसमक्ष, आम्हांस सांगितली.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं आपल्या घरीं असा प्रश्न विचारणारें मूल असेल तर त्यास गप्प बसवूं नये. आणि तें स्वतः फसून घरीं आलें, तर रागावणें दुसऱ्या दिवसावर ठेवून आधीं १९३० वर फोन करावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातून पैसे गेले व घरीं सांगण्याचें धैर्य होत नसेल, तर त्याच घटकेस आमच्याकडे या. आम्ही तुम्हांस हंसणार नाहीं. हंसण्याचा अधिकार आम्ही २०२२ सालींच गमाविला आहे.