ठोकलेला नंबर

इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासायचा, जागा पॉलिश करायची आणि तिथे आरसी बुकातला नंबर पंचाने ठोकायचा. जुनी गाडी 'ओरिजिनल' करून देतो म्हणणाऱ्यांतले काही जण हे राजरोस करतात, वर त्याचे वेगळे पैसे लावतात. ही बनावटगिरी आहे. गाडीवाला हौशी आहे, गाडी देखणी झालीय, यात कुणाचं काय बिघडलं, ही सबब मला मान्य नाही. खोटा सातबारा करणारा आणि खोटा नंबर ठोकणारा, दोघांची जागा एकच.

मी बोलतोय ते फियाटबद्दल. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे तीच गाडी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. पाट्या बदलल्या, पण पेट्रोल इंजिन तेच राहिलं: चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, १०८९ सीसी. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. एकच इंजिन इतकी वर्षं चाललं आणि मुंबईची टॅक्सी त्यावर पळत राहिली, म्हणून 'फियाटचा पार्ट फियाटला लागतोच' ही समजूत गॅरेजवाल्यांत घट्ट बसली. या समजुतीने जितकी चांगली इंजिनं मारली, तितकी गंजानेही मारली नसतील.

साधी गोष्ट घ्या. आपली डिलाइट इटलीच्या ११००-डीवर बेतलेली. पण इटलीतल्या ११००-डीचं इंजिन १२२१ सीसीचं होतं. स्ट्रोक तोच ७५, बोअर मात्र ७२. आपल्याकडे गाडी आली ती १०८९चं इंजिन घेऊन. आता कुणी कॅटलॉगात '११००-डी' वाचून परदेशातून पिस्टनचा सेट मागवतो, खोका फोडतो आणि पिस्टन ब्लॉकच्या तोंडाशीच अडतो. इथपर्यंत नुकसान फक्त पैशाचं. खरा गुन्हा पुढे होतो. माझ्यासमोर एका कारागिराने मालकाला सुचवलं, "साहेब, ब्लॉक बोअर करून टाकू, बसेल." चार मिलिमीटर! साठ वर्षांच्या, आधीच एकदोनदा बोअर झालेल्या बिडाच्या ब्लॉकचा बोअर ७२ वर न्यायची भाषा, आणि तीही पिस्टन परत पाठवायचा कंटाळा म्हणून. व्हर्नियर कॅलिपर त्याच्या टेबलावर पडलेला होता. मागवण्याआधी तो एकदा बोअरला लावला असता तर हा प्रश्नच आला नसता.

'बसेल' या वृत्तीवर माझा राग आहे. बसणं आणि जुळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कनेक्टिंग रॉडच घ्या. रॉडच्या मोठ्या टोकाला खाली दोन बोल्टांनी कसलेली कॅप असते. ते गोल भोक कारखान्यात रॉड आणि कॅप एकत्र आवळूनच फिनिश केलेलं असतं, म्हणून एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला कधीच लावायची नसते. रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला सिलिंडरचा आकडा ठोकलेला असतो तो याचसाठी. मळ पुसला की स्वच्छ दिसतो, वाचायला चष्म्याखेरीज काही लागत नाही. पुण्यातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये मी दोन गाड्यांच्या आठही कॅपा रॉकेलच्या एकाच डब्यात एकत्र टाकलेल्या पाहिल्या. शेजारी आठ रॉड. मी विचारलं, कुठली कशाची? उत्तर आलं, सगळ्या सारख्याच तर आहेत. त्या सारख्या नव्हत्या. आकडे होते, पण दोन गाड्यांचे म्हणून प्रत्येक आकडा दोनदा होता. कुठली 'दोन' कुठल्या गाडीची हे सांगणारी एकही खूण, एकही चिठ्ठी, साधी तारेची गाठसुद्धा नव्हती. अशा जोड्या चुकवून इंजिन बांधलं की भोक गोल राहत नाही, बेअरिंग एका जागी घासतं, ऑइलचं प्रेशर पडतं, आणि मग मालकाला सांगायचं की जुनी गाडी आहे, असं व्हायचंच. का व्हायचंच? तुमच्या आळसाचं खापर गाडीच्या वयावर का फोडता?

टॅपेटचंही तेच. जो टॅपेट कॅमच्या ज्या लोबवर वर्षानुवर्षं घासला, तो त्याच लोबला लागतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ओळीने खोचून ठेवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवणारा माणूस पॉलिशवर मात्र दोन दिवस घालवतो, कारण पॉलिश फोटोत दिसतं.

आट्यांबद्दल तर बोलायलाच हवं. फियाट मेट्रिक. अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं बीएमसी इंजिन इंच मापाचं. पाच-सोळांश इंचाचा स्टड ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला आठ मिलिमीटरच. पण त्याचे आटे इंचाला चोवीस, म्हणजे दोन आट्यांत सुमारे १.०६ मिलिमीटर अंतर, आणि आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्टडला ते १.२५. अ‍ॅम्बॅसेडरचा स्टड फियाटच्या हेडमध्ये हाताने दोनतीन वेढे जातो, मग अडतो, मग पाना लावून जोर. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते बिचारं काय प्रतिकार करणार? आटे जातात. एका चुकीच्या स्टडपायी मूळ हेड हेलीकॉइलवर येतं किंवा थेट भंगारात. आट्यांचं अंतर मोजणाऱ्या पिच गेजची किंमत त्या हेडच्या किमतीपुढे काहीच नाही.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी विंटेज धरली जाते. नंबरप्लेटवर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. हेतू चांगला आहे. पण तपासणी जर आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एक आहे एवढ्यावरच आटोपली, तर या नियमाने सर्वांत मोठं बक्षीस ग्राइंडरवाल्यालाच दिलं. ज्याने प्रामाणिकपणे दुसऱ्या डिलाइटचा ब्लॉक घातला, तसं सांगितलं, आरटीओत अर्ज करून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतला, त्याच्याकडे संशयाने बघायचं, आणि ज्याने खोटा ठोकला त्याच्या गळ्यात रॅलीचा हार घालायचा, हे मला सहन होत नाही.

'पार्टच मिळत नाहीत हो' हे रडगाणं मी ऐकलंय, आणि त्यात तथ्य आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारात ब्लॉक, हेड, क्रँक हवे तेवढे होते. आता ते कमी होत जाणार. म्हणूनच तर उरलेल्या प्रत्येक तुकड्याची ओळख जपायला हवी! बदली पार्ट घालायला माझी ना नाही. फिव्हा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेच्या तुरीन सनदेतही बदललेले भाग ओळखू यावेत आणि कामाची नोंद राहावी, असाच आग्रह आहे. तुरीन, म्हणजे फियाटचंच गाव. आपण तिथली गाडी घेतली, तिथली ही शिस्तही घ्या.

माझी मागणी सरळ आहे. इंजिन उघडणाऱ्याने मालकाला एक कागद द्यावा: ब्लॉकवरचा आणि हेडवरचा ओतीव क्रमांक, ठोकलेला नंबर घासल्यानंतरच्या नव्हे तर जसा सापडला तशा अवस्थेतल्या फोटोसह, चारही बोअरची मापं, क्रँकचं ग्राइंडिंग कितीवर आहे, कुठला पार्ट मूळचा, कुठला बदललेला आणि तो कुठून आला. क्लबांनी हा कागद नसलेली गाडी स्पर्धेत घेऊ नये, मग तिचा रंग कितीही चकाको. आणि परीक्षकांनी बॉनेट उघडल्यावर नंबरपट्टीवरून बोट फिरवावं. नंबराभोवती घासल्याची खूण लागली तर गाडी त्याच मिनिटाला बाद करावी, मालक कितीही मोठा असो.