सोनं लाखाच्या पार : मुलाम्याचे दागिने घ्या, पण उघड्या डोळ्यांनी

एप्रिल २०२५ मध्ये २४ कॅरेट सोन्याचा भाव पहिल्यांदाच १० ग्रॅमला एक लाख रुपयांच्या वर गेला, आणि पुढेही चढत राहिला. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं होतं. पण जगाच्या बाजारातच भाव भडकला, तेव्हा तो दिलासा फार दिवस पुरला नाही.

याचा थेट फटका आपल्या घरातल्या निकाहला बसतोय. पगार तेवढाच, पण 'मुलीच्या अंगावर काय घातलं?' हा प्रश्न तसाच. त्यामुळे अनेक कुटुंबं आता 'वन ग्रॅम गोल्ड' म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांकडे वळली आहेत. आमच्या मते यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. कर्ज काढून सोनं घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. प्रश्न आहे तो फसवणुकीचा, आणि ती बऱ्याचदा नावापासूनच सुरू होते.

'वन ग्रॅम' म्हटलं की वाटतं, दागिन्यात एक ग्रॅम सोनं असणारच. तसं काही नाही. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा, एखाद्या हाराचा सगळा पृष्ठभाग मिळून १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर अर्धा मायक्रॉन शुद्ध सोनं चढवलंय. हिशोब केला तर त्यात सोनं निघतं साधारण एक दशांश ग्रॅम. लाखाच्या भावाने त्याची किंमत हजार रुपयांच्या आतच. बाकी सगळं तांबं, पितळ आणि मजुरी. मोडायला नेलं तर हातात जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून मुलाम्याचा दागिना ही हौस आहे, बचत नाही. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असायला हवं.

खरेदी करताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. मुलामा किती मायक्रॉनचा? आतला धातू कोणता? आणि बिलावर 'गोल्ड प्लेटेड' असं लिहून देणार का? एखाद्या लग्नापुरतं वापरायचं असेल तर पातळ मुलामा चालतो. वरचेवर घालायचं असेल तर एक मायक्रॉनपेक्षा जाड बघा, आणि जमलं तर चांदीवरचा मुलामा घ्या. वरचा थर गेला तरी खाली चांदी उरते. मुलाम्याखाली निकेल असेल तर काहींच्या कानाला-मानेला खाज सुटते, पुरळ येतं. लहान मुलींसाठी घेताना हे जरूर विचारा.

दुकानदार 'खरं सोनं' म्हणून विकत असेल तर हॉलमार्क बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो नंबर टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. नुसता '९१६' चा शिक्का पाहून भुलू नका.

घड्याळाचीही तीच गोष्ट. जुन्या स्विस घड्याळांच्या केसवर १० किंवा २० मायक्रॉन असं कोरलेलं असायचं. आता बरीच सोनेरी घड्याळं 'पीव्हीडी' पद्धतीची असतात. त्यात निर्वात पेटीत कडक थर चढवतात, आणि सोनेरी रंग अनेकदा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. हा थर टिकतो चांगला, पण खोल ओरखडा पडला तर पॉलिश करून जात नाही. पुरुषांना सोनं वापरणं शरीयतने मना केलंय. दुल्ह्यासाठी मुलाम्याचं घड्याळ घेण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या.

आता निगा. मुलाम्याचे दुश्मन म्हणजे घाम, साबण, अत्तर आणि घासणं. आधी अत्तर लावा, ते सुकू द्या, मग दागिना घाला. वुजू करताना अंगठी काढून ठेवा. बोटाला पाणी नीट पोहोचतं आणि मुलामाही वाचतो. वापरून झाल्यावर मऊ सुती कापडाने हलकेच पुसा आणि प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत ठेवा. टूथपेस्ट, लिंबू, चिंच, भांड्यांची पावडर अजिबात नको. सोन्याची चमक आणायला जाल आणि सोनंच घासून काढाल. रंग उतरला तर कारागीर पुन्हा पाणी चढवून देतो, पण आधी दर आणि मायक्रॉन ठरवून घ्या.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मेहेर हा बाईचा हक्क आहे. मेहेरमध्ये दागिना द्यायचा ठरला तर निकाहनाम्यात त्याचं वजन, कॅरेट आणि एचयूआयडी लिहा. मुलाम्याचा देणार असाल तर तसं स्पष्ट सांगा. उद्या अडीनडीला ती तो दागिना घेऊन सराफाकडे गेली आणि तिथे कळलं की हे पितळ आहे, तर तो धक्का पैशांपेक्षा मोठा असतो. जकातीचा हिशोबही नीट करा. हनफी मसलकात वापरातल्या सोन्या-चांदीवरही जकात आहे. कोकणातल्या शाफई घरांत वापरातल्या दागिन्यांबाबत मत वेगळं आहे. मुलाम्याखाली चांदी असेल तर तीही मोजायची का, हे मुफ्तींना विचारा.

ऐपत नसेल तर मुलामा घालावा, आणि मुलामाच आहे असं सांगावं. दोन्ही घरांनी एवढं ठरवलं तर कितीतरी बापांच्या डोक्यावरचं कर्ज टळेल.