सकाळी अकराला रक्त घेऊन हत्तीरोग शोधता?

बिरसीकरांनो, आज जरा कडू बोलतो. राग आला तर येऊ द्या.

माझ्या मामांना जांघेत गाठ, वरचेवर ताप. एका खाजगी लॅबने (नाव घेत नाही) सकाळी अकरा वाजता बोट टोचलं, रक्त काचेवर लावलं आणि संध्याकाळी रिपोर्ट दिला: मायक्रोफायलेरिया आढळले नाहीत. मामा खूश. अडीच महिन्यांनी रात्री साडेदहाला घेतलेल्या काचेवर तेच जंतू सापडले. एवढे दिवस डास मामांना चावून शेजारच्यांकडे जात होते.

आपल्याकडच्या हत्तीरोगाचा जंतू वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात. कातडीजवळच्या रक्तात येतात ती रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. हा रोग पसरवणारा, गटाराच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. टिमोथी लुईसने कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्लं पाहिली 1872 साली. त्यांचं हे रात्रीचं वेळापत्रक पॅट्रिक मॅन्सनने त्याच दशकात उलगडलं. दीडशे वर्षं होत आली, आणि आमची लॅब अजून सकाळी अकरावरच!

दिवसा तपासायचंच असेल तर एफटीएस नावाची पट्टी आहे. ती पिल्लं शोधत नाही, मोठ्या जंतूचं अँटिजेन पकडते, म्हणून कोणत्याही वेळचं रक्त चालतं. दहा मिनिटांत निकाल. ती नसेल तर पेशंटला सरळ सांगा, रात्री या. नाहीतर तपासणीच करू नका. आणि रक्त किती वाजता घेतलं ते रिपोर्टवर लिहा. फुकटचं काम आहे.

दुसरी गंमत. पाय सुजून हत्तीसारखा झालेल्या माणसाच्या रात्रीच्या काचेवरही पुष्कळदा काही दिसत नाही. उलट धडधाकट दिसणाऱ्याच्या रक्तात पिल्लं भरलेली असू शकतात. म्हणूनच रात्री घरोघर फिरावं लागतं.

आणि आपण? आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन दारात आले की "रातच्याले कोन रगत देते?" म्हणून कडी लावतो. मग सकाळी लॅबमध्ये पैसे देऊन खोटा दिलासा विकत आणतो. सरकारने 2027 पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलंय. या कडीकुलपातून कसा संपणार?

पुढच्या वेळी लॅबवाल्याला आधी विचारा, रक्त किती वाजता घेणार? सकाळची वेळ सांगितली आणि ही पट्टीही नसेल, तर चप्पल घाला आणि निघा.