करवंदं विकणारीची गोष्ट कुणी लिहायची?

मराठी मुलांच्या पुस्तकांत लोणावळा येतो तो बहुधा सहलीचा म्हणून. बोगदे मोजायचे, चिक्की घ्यायची, धबधब्याखाली भिजायचं, कुणीतरी हरवायचं आणि संध्याकाळच्या गाडीआधी सापडायचं. घाटात मे महिन्यात रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांत करवंदं, जांभळं मांडून बसलेली मुलगी या गोष्टींत आलीच, तर गाडीच्या काचेतून दिसते तेवढीच येते. गाडीतल्या मुलाला तिची दया येते, तो आईला सांगून दोन द्रोण जास्त घ्यायला लावतो. मग गोष्ट गाडीबरोबर पुण्याला निघून जाते आणि मुलगी तिथेच राहते.

हे डोक्यात घोळायला लागलं ते भाचीनं सॅन होजेहून आणलेल्या पुस्तकांमुळे. तिच्या मुलीच्या वर्गात बरीच मुलं लॅटिनो घरांतली आहेत. म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, मध्य अमेरिका अशा ठिकाणांहून कधीतरी आलेल्या कुटुंबांतली. त्यांच्या लेखकांची पुस्तकं शाळेच्या वाचनयादीत असतात. लेकीची वाचून झाली, तेव्हा भाचीनं ती बॅगेत भरली आणि तळेगावात आणून माझ्या टेबलावर ठेवली. "मावशी, तुमच्या त्या वाडीवरच्या पोरांना दाखवा," म्हणाली.

त्यातलं मला सर्वांत आवडलं ते इसाबेल किंतेरोचं 'माय पापी हॅज अ मोटरसायकल'. 2019 चं, झीक पेन्याच्या चित्रांचं. गोष्ट म्हटली तर काहीच नाही. सुतारकाम करणारा बाप संध्याकाळी घरी येतो आणि डेझी नावाच्या मुलीला मोटरसायकलवर बसवून गावात चक्कर मारतो. गाव कॅलिफोर्नियातलं कोरोना, एके काळी लिंबांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेलं. दुकानं दिसतात, भिंतीवरची चित्रं दिसतात, आजी-आजोबांचं घर दिसतं. नेहमीचं बर्फगोळ्याचं दुकान बंद झालेलं दिसतं. बाप जिथे काम करतो तिथली अर्धवट बांधलेली घरंही दिसतात. बस. पण त्या साऱ्या गावात पाहुणा कुणी नाही. कुणी कुणाची कीव करत नाही. गाव बदलतंय याची एक कळ आहे, ती मुलीच्या लक्षात येते आणि ती पुढे जाते. किंतेरो स्वतः त्याच भागात वाढली. बाहेरून आलेल्या लेखकानं बापाच्या हाताचे घट्टे दाखवून आपल्याला रडवलं असतं. ही मुलगी त्या हातांची आहे, म्हणून तिला त्यांचं कौतुक आहे.

पेद्रो मार्टिनचं 'मेक्सिकिड' हे दुसरं, 2023 मध्ये आलेलं, चित्रकथेच्या रूपातली आठवण. नऊ भावंडांचं कुटुंब जुनाट गाडीत बसून मेक्सिकोला जातं आणि आजोबांना घेऊन येतं. हसून हसून पुरेवाट होते. गरिबीची गोष्ट विनोदी असू शकते, हे ज्यानं ती भोगली त्यालाच सुचतं. मुलांच्या साहित्यात आपण गरिबाला हसूच देत नाही, त्याला नेहमी शहाणा आणि सोशिक करून ठेवतो. 'श्यामची आई'मधल्या श्यामपासून ही खोड आहे, असं म्हटलं तर पत्रं येतील, पण मी म्हणते.

कामशेतच्या पुढे डोंगराच्या पोटाशी एका कातकरवाडीवर माझे एक शिक्षक मित्र सुटीच्या दिवशी पुस्तकं वाचून दाखवतात. मी अधूनमधून जाते. तिथे मी जे नेलं ते या नव्या पुस्तकांतलं नव्हतं. पॅट मोराचं 1997 मधलं 'तोमास अँड द लायब्ररी लेडी' हे होतं, चित्रं राउल कोलोनची. टेक्सासमधलं शेतमजुरांचं कुटुंब खटारा गाडीतून आयोवाला मक्याच्या कामाला जातं. मोठी माणसं राबतात, मुलं घराभोवती खेळतात. संध्याकाळी सगळे गावाच्या उकिरड्यावर जातात: विकायला लोखंड मिळतं का, खेळणी मिळतात का, तोमाससाठी पुस्तकं मिळतात का, हे बघायला. आजोबा गोष्टी सांगणारे. एक दिवस ते म्हणतात, माझ्या गोष्टी तुला पाठ झाल्या, आता ग्रंथालयात जा. तिथे एक बाई त्याला थंड पाणी देतात आणि आपल्या नावावर पुस्तकं काढून देतात. कामाचा हंगाम संपला की कुटुंब परत निघतं.

वाडीवर हे वाचताना मी मनातल्या मनात ग्रंथालयाच्या पानासाठी आवाज तयार करत होते. पोरांचं लक्ष उकिरड्याच्या पानावरच अडकलं. "तिकडं लोखंड काय किलोनं जातं?" एकानं विचारलं. दुसऱ्याला प्रश्न पडला होता की गाडी कुणाची, मुकादमाची की त्यांची स्वतःची. बापाची आहे म्हटल्यावर एक कौतुकाचा हुंकार आला. दिवाळी झाली की यांची कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती मुकादमानं आणलेल्या टेम्पोतून. उचल आधीच घेतलेली आणि बहुतेक घरांत खर्च झालेली असते. पावसाच्या तोंडावर परत. शाळेच्या दृष्टीनं ही मुलं 'स्थलांतरित'. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड नावाचा एक कागद असतो, तो दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून. तोमासकडे असला कागद नव्हता. बाकी त्याचं सगळं त्यांना कळलं, समजावून सांगावं लागलं नाही.

हा तोमास खरा आहे. तोमास रिवेरा. पुढे तो लेखक झाला, प्राध्यापक झाला आणि 1979 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड संकुलाचा प्रमुख झाला. फ्रान्सिस्को हिमेनेस नावाचा आणखी एक जण. त्याचं 'द सर्किट'ही 1997 चंच: कापूस, स्ट्रॉबेरी, द्राक्षं अशा पिकांमागे फिरणाऱ्या घरातला मुलगा. शाळेत कुठे सूर जुळतो न जुळतो तोच घरातलं सामान खोक्यांत भरलेलं दिसतं. तोही प्राध्यापक झाला. म्हणजे शेतमजुराची मुलं शिकली, आणि शिकून त्यांनी जी पुस्तकं लिहिली किंवा त्यांच्यावर जी लिहिली गेली, त्यातली काही थेट मुलांच्या हातात पडली.

इथे आपली एक गल्लत होते. अमेरिकेतल्या लॅटिनो लेखकांचं बोलणं निघालं की आपल्याला लगेच अमेरिकेतले मराठी आठवतात. तेही परक्या देशात, तेही दोन भाषांत, म्हणून. आणि त्यांच्यात लिहिणारे आहेतही. मिशिगनमधल्या सुप्रिया केळकर यांची 'अहिंसा' ही कादंबरी 2017 मध्ये आली. 1942 च्या चळवळीतल्या एका मुलीची ती गोष्ट, त्यांच्या पणजी अनसूयाबाई काळे यांच्या आयुष्यावरून सुचलेली. या नागपूरच्या अनसूयाबाई पुढे लोकसभेत गेल्या. 'अमेरिकन अ‍ॅज पनीर पाय'ची नायिका तर लेखा दिवेकर. अमेरिकन प्रकाशकाच्या पुस्तकाची नायिका दिवेकर, याचा मला आनंदच झाला. पण दिवेकरांच्या घरी पुस्तकांचं कपाट आधीपासून होतं. कापूस वेचणाऱ्याच्या पोराशी जुळणारं आपल्याकडचं पोर मिशिगनमध्ये नाही, इथे इंद्रायणीच्या अलीकडे-पलीकडे आहे. अमेरिकेतल्या मराठी मुलीला स्वतःच्या आडनावाचं पुस्तक मिळालं. मावळातल्या कातकरी मुलीचं अजून यायचंय.

असं का व्हावं, याचं मला सुचलेलं उत्तर थोडं विचित्र आहे. मराठीत अशा मुलांची गोष्ट लिहिलीच गेली नाही, असं अजिबात नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 चं. भीमराव गस्तींचं 'बेरड', किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर'; या शेवटच्याच्या तर नावातच पोर आहे. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या घरातल्या मुलाची शाळा कशी असते, हे मराठीत जितकं उघडं-नागडं लिहिलं गेलं तितकं फार थोड्या भाषांत असेल. पण ही बालपणं मोठ्यांसाठी लिहिली गेली. मोठ्यांच्या कपाटात बसली, अभ्यासक्रमांत गेली, त्यांच्यावर प्रबंध झाले. सातवीतल्या मुलीच्या उंचीला येईल अशा फळीवर त्यातलं फार थोडं उतरलं. तिकडे तेच अनुभव बत्तीस पानांच्या चित्रपुस्तकात आले, हसत-खेळत आले. आपल्याकडे आधी समाजाला जाब विचारायचा होता आणि ते बरोबरच होतं. मुलांसाठी लिहायला जरा निवांतपणा लागतो. तो त्या पिढीला कुठून मिळणार?

बाहेरच्यानं लिहूच नये असं मी म्हणणार नाही. तळेगावात राहून ते म्हणताही येत नाही. गो. नी. दांडेकर परतवाड्याचे, म्हणजे पार अमरावतीकडचे. तळेगाव दाभाड्यात येऊन राहिले, सगळा डोंगर पायाखाली घातला आणि 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली, 'माचीवरला बुधा' लिहिली. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला तो म्हातारा, आणि मावळी बोली अशी की इथल्या माणसालाही आपल्या बोलण्याचा अभिमान वाटावा. पायी फिरणाऱ्याला बरंच दिसतं. भा. रा. भागवतांनीही नायक घेतला तो पेठेतला नव्हे, फुरसुंगीचा. पण बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला, आणि फुरसुंगी त्याच्या आडनावामागे राहिली.

अलीकडे मात्र काहीतरी हलतंय. साहित्य अकादमीनं 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार सुरू केला, त्यातल्या मराठी नावांवरून नजर फिरवली तरी ते जाणवतं. 2017 मध्ये ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा'ला मिळाला: धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट. 2019 मध्ये सलीम सरदार मुल्लांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला. मुल्ला वनखात्यात नोकरी करणारे, त्यामुळे त्यांचं जंगल हे पुस्तकातून पुस्तकात आलेलं जंगल नाही. 2020 मध्ये आबा महाजनांच्या 'आबाची गोष्ट'ला. सांगोल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे फारूक काझी 'प्रिय अब्बू'सारखी पुस्तकं लिहितात. त्यात मुसलमान घरातलं मूल ईदच्या धड्यापुरतं येत नाही, रोजचं येतं. एवढ्यानं मला हुरूप आला, याचा अर्थ आधी किती कोरडं होतं ते बघा.

आदिवासींच्या बाबतीत आधी चित्र पोचलं, शब्द मागे राहिले. चेन्नईच्या तारा बुक्सनं 2009 मध्ये 'डू!' नावाचं देखणं पुस्तक काढलं. वारली चित्रं रमेश हेंगडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या घरच्यांची, शब्द गीता वुल्फ यांचे. क्रियापदांचं पुस्तक, शब्द थोडेच, तेव्हा तक्रार नाही. पण कातकरी, ठाकर, महादेव कोळी घरातल्या कुणी स्वतः सांगितलेली, स्वतःच्या नावानं छापलेली गोष्ट मुलांसाठी हवी, तर नुसता लेखक पुरत नाही. पुरा बेलप्रेची हकीकत त्यासाठीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोर्तो रिकोतून आलेली ही तरुणी 1921 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात हार्लेमच्या शाखेत लागली. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला कपाटात कुठेच दिसेनात. मग ती त्या मुलांना सांगायला लागली, बाहुल्या नाचवून सांगायला लागली, आणि त्यातली झुरळ आणि उंदराची गोष्ट 1932 मध्ये पुस्तक होऊन आली. तिच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला मात्र 1996 उजाडलं. 'मेक्सिकिड'ला मिळाला तो हाच. पगारी ग्रंथपाल, मुलांना येऊन बसता येईल अशी जागा, विकत घेणारी ग्रंथालयं आणि मधली नव्वदेक वर्षं एवढं सगळं त्या हसऱ्या पुस्तकामागे आहे. आपल्याकडे रंगीत चित्रपुस्तकाची हजारभर प्रती काढतानाही प्रकाशक घाम पुसतो, आणि सरकारी खरेदीच्या यादीत नाव लागलं की सुटकेचा श्वास सोडतो.

मला वाचायच्या आहेत अशा पुस्तकांची यादी मी मनात करून ठेवली आहे. चिक्कीची पाकिटं भरणाऱ्या आईची. आठवडाभर रिकाम्या आणि शनिवार-रविवारी दणाणणाऱ्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या मुलाची, ज्याला पोहण्याच्या तलावाचं पाणी बदलता येतं पण त्यात उतरता येत नाही. लोहगडाच्या पायथ्याशी ट्रेकवाल्यांना लिंबूसरबत देणाऱ्या भावंडांची. पवनेच्या पाण्याखाली आजीचं गाव असलेल्या मुलीची. यातलं एकही मी लिहिणार नाही. मला उतरेल ती द्रोणातल्या करवंदांचीच गोष्ट, काचेतून दिसलेली.

मित्रानं वाडीवर कोऱ्या वह्या ठेवल्यात. मुलं बोलतात, तो त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतो, चित्रं त्यांची तेच काढतात. पहिल्या पावसात मुठे, म्हणजे खेकडे, धरायची गोष्ट सध्या चालू आहे. बीळ कसं ओळखायचं, हात कुठून घालायचा, नांगी कशी दाबायची यावर इतकं भांडण झालं की त्यातच तीन पानं भरली. नंतर खरा पेच आला. सगळ्यांत मोठे मुठे मिळतात ते एका बंगल्याच्या कुंपणातून वाहणाऱ्या ओढ्यात. हे लिहायचं की नाही? "लिवलं तर वॉचमनला कळंल ना," एक मुलगी म्हणाली. एकाचं म्हणणं, वॉचमन कुठं पुस्तक वाचतो. त्यावर तिसरा उसळला, कारण वॉचमन त्याचा मामा. बरीच घासाघीस झाली. ओढा गोष्टीत ठेवला, कुंपणही ठेवलं, आणि बंगल्याचं नाव तेवढं गिरगटून खोडून टाकलं.