बॅटरी किती दूर पाहते?

मुलांनो, पुस्तकात हिचं नाव ‘विजेरी’ आहे आणि दुकानाच्या पाटीवर ‘टॉर्च’. पण आपल्या ढाणकीकडे ती ‘बॅटरी’च. आजोबा ओलिताला निघाले की ओसरीवरून हाक येते, “माही बॅटरी कुठं हाय रे?” म्हणून आज आपणही बॅटरीच म्हणू, आणि तिच्या पोटात जातात त्यांना सेल म्हणू. म्हणजे घोटाळा नको.

हल्ली बाजारात तळहातावर मावणाऱ्या एलईडी बॅटऱ्यांचा ढीग असतो. दुकानदार काय करतो, पाहिलंय ना? संध्याकाळी एक बॅटरी उचलतो आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या शेंड्यावर झोत मारतो. शेंडा उजळतो, आपण “वा!” म्हणतो आणि पैसे काढतो. खोक्यावर ‘५०० मीटर’ छापलेलंच असतं. आता मला सांगा, तुमच्या बाबांना रात्री लिंबाचा शेंडा पाहायचा असतो का?

आपल्या भागात रात्रीची बॅटरी लागते ती मुख्यतः दोन कामांना. एक ओलित. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलं. ज्या वावरात सौर पंप बसलाय तिथं रात्रीची फेरी सुटली; बाकीच्यांना हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला थंडीत धुऱ्यावरून चालावंच लागतं. दुसरं काम जागलीचं. पैनगंगा अभयारण्य आपल्याच तालुक्यात, त्यामुळे रानडुकरं पिकात शिरतात. मचाणावर बसलेल्या माणसाला वावराचं पलीकडचं टोक दिसायला हवं. एकाला पायाखालचं पाहायचंय, दुसऱ्याला लांबचं. दोघांना एकच बॅटरी कशी चालेल?

आधी लांबचं पाहू. बॅटरीचा उजेड जिथवर पोचतो त्याला आपण ‘मजल’ म्हणू. पण पोचतो म्हणजे नक्की किती पोचतो? मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये यासाठी एक मापदंड ठरवला. ज्या अंतरावर बॅटरीचा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथं तिची मजल संपली. आकड्यात सांगायचं तर पाव लक्स. चांदण्यात लांबचं माणूस दिसतं, पण ते आपले काका की शेजारचे, हे कळत नाही. तसंच मजलेच्या टोकाला होतं. म्हणून खोक्यावरचा आकडा खरा असला तरी कामाचं अंतर त्याच्या निम्मं धरा.

आता एक गंमत. साधी मेणबत्ती एक मीटरवर सुमारे एक लक्स उजेड देते. दोन मीटरवर अर्धा देईल असं वाटतं ना? नाही! उजेड पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून दोन मीटरवर उरतो पाव. म्हणजे चांदण्याइतका. थोडक्यात, एका मेणबत्तीची मजल २ मीटर.

मग १० मीटरसाठी किती मेणबत्त्या? अंतर पाचपट, म्हणून ५ गुणिले ५, पंचवीस. १०० मीटरसाठी ५० गुणिले ५०, म्हणजे २,५००. आणि खोक्यावरच्या ५०० मीटरसाठी? तब्बल ६२,५००! बॅटरीत एवढ्या मेणबत्त्या नसतात हे खरं. ती थोडाच उजेड गोळा करून एका दिशेला पाठवते. पण गोळा करायला आरसा किंवा भिंग मोठं लागतं. बोटभर बॅटरीला एवढी मजल जड जाते, हे इथंच कळतं.

हे खरं-खोटं घरी तपासता येतं, बरं का. एक जाडसर पांढरा कागद घ्या. मधोमध गोडेतेलाचा एक थेंब टाका, भज्यांच्या पुडीवर पडतो तसा पारदर्शक डाग होऊ द्या. रात्री, वारा नसताना, लांब ओसरीत हा कागद उभा धरा. त्याच्यामागे २० सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवा. (मेणबत्ती मोठ्या माणसाच्या हातानंच पेटवायची आणि कागद तिच्याजवळ सरकू द्यायचा नाही.) मग समोरून एकाने कागदावर बॅटरीचा झोत मारायचा आणि हळूहळू मागे जायचं. दुसऱ्याने बॅटरीच्याच बाजूने, पण जरा कडेला उभं राहून, डागाकडे पाहायचं. बॅटरी जवळ असते तेव्हा डाग काळपट दिसतो. ती फार लांब गेली की मागच्या मेणबत्तीमुळे डाग उजळतो. मध्ये एक जागा अशी येते की डाग जवळजवळ गायब! तिथं दोन्हीकडचा उजेड सारखा. मेणबत्ती पिवळी आणि एलईडी निळसर असल्यामुळे डाग पुरता जात नाही; कमीत कमी दिसेल ती जागा धरायची. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीतल्या बुन्सेन या शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तोच तो, प्रयोगशाळेतल्या बर्नरवाला.

आता बॅटरीचं कागदापासूनचं अंतर मोजा, त्याला मेणबत्तीच्या अंतराने भागा आणि दोनाने गुणा. आली मजल मीटरमध्ये! आमच्या चौथीच्या वर्गाने हे शाळेच्या व्हरांड्यात केलं. एक लहान, दोन पेन्सिल सेलची बॅटरी होती. तिचा उजेड फार कमी पडला, म्हणून मेणबत्ती ४० सेंटिमीटरवर न्यावी लागली. ६ मीटरवर डाग गेला. सहाशे भागिले चाळीस, पंधरा, दुप्पट तीस. मजल ३० मीटर. दुसरी होती पुढचं तोंड ओढून झोत लहान-मोठा करायची, ‘झूम’वाली. मेणबत्ती २० सेंटिमीटरवर, बॅटरी १२ मीटरवर. मजल १२० मीटर. खोक्यावर होतं ५००. मुलं हसली, पण १२० मीटर काही वाईट नाही. जागलीला ती चांगलीच.

मग त्याच दोन बॅटऱ्या घेऊन आम्ही पायवाटेचा खेळ खेळलो. अंधार पडल्यावर पालकांसमोर शाळेच्या मैदानात वाटेच्या दोन्ही कडांना दोरीचे हात-हातभर दहा तुकडे टाकले आणि एकेकाने चालत जाऊन ते मोजायचे. झूम पूर्ण ओढलेल्या बॅटरीवाल्यांना निम्मेही सापडले नाहीत. तिचा झोत समोर ताटाएवढा लख्ख पडायचा, बाहेर सगळा काळोख. लहान बॅटरीवाल्यांनी बरेच जास्त टिपले. कारण साध्या आरशाच्या बॅटरीत मधल्या ठळक ठिपक्याभोवती फिका उजेडही पसरतो. चालताना डोळ्याला तोच हवा.

दोरीच्या जागी काय असू शकतं, ते मी वेगळं सांगायला नको. मण्यार रात्रीच फिरते. घोणस पाचोळ्यात अशी पडून राहते की जवळ जाऊनही कळत नाही. म्हणून धुऱ्यावरच्या माणसासाठी मी मजलेला शेवटचा नंबर देते. आधी पाहा, पाच पावलांवर उजेड किती रुंद पडतो. अंगणात उभं राहून समोर झोत टाका; वाट आणि दोन्हीकडचं गवत एकदम दिसलं पाहिजे. झूमवाली असेल तर तोंड आत ढकलून मगच चालायचं.

आणखी एक. बॅटरी डोळ्यांजवळ धरली की जमीन सपाट वाटते. तीच गुडघ्याच्या उंचीवर धरा, प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडते आणि खड्डा, दगड, वेटोळं उठून दिसतं. डोक्याला बांधायच्या बॅटरीने हात मोकळे राहतात, नाकं उघडायला ती सोयीची. पण वाट चालताना हातात खाली धरलेली बरी. उजेडाचा रंगही तपासा. फार निळसर उजेडात तपकिरी आणि मातकट रंग एकमेकांत मिसळतात. दुकानातच स्वतःच्या तळहातावर उजेड टाका. हात मेल्यासारखा पांढुरका दिसला तर दुसरी मागा.

(झूमवाली बॅटरी भिंतीवर मारली की चौकोनी ठिपका पडतो, तो काय माहीत आहे? तो एलईडीच्या इवल्या पिवळ्या चौकोनाचा फोटोच असतो, भिंगाने मोठा केलेला. खाली निळा उजेड देणारा तुकडा आणि वर पिवळा लेप, दोन्ही मिळून पांढरा उजेड. या तेजस्वी निळ्या एलईडीवर जपानमध्ये वर्षानुवर्षं काम चाललं. शुजी नाकामुरा यांनी ती १९९३ मध्ये लोकांपुढे आणली. त्यांना आणि इसामू अकासाकी, हिरोशी अमानो यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.)

आता पोटातले सेल. खरी फसगत इथं होते, म्हणून आई-बाबांनीही वाचावं.

पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. साधा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणून दोन घालतात. स्वस्त सेलवर उजेड पहिल्या तासापासूनच उतरायला लागतो. अल्कलाइन सेल महाग, पण जास्त टिकतो. पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे, शेकडो वेळा भरता येतात, पण साधे निकेलचे सेल नुसते पडून राहिले तरी हळूहळू रिकामे होतात. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. नवा जुन्याला ओढत नेतो आणि जुना फुटून पाणी सोडतो, मग आतली पत्री गंजते. बॅटरीत थकलेला सेल लगेच फेकू नका. भिंतीवरच्या घड्याळाला फार थोडी वीज लागते, तिथं तो कित्येक महिने चालतो.

चौथा प्रकार लिथियम-आयनचा. बाजारात तो १९९१ मध्ये आला आणि त्याच्या शोधालाही २०१९ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे एका मुठीतल्या बॅटरीत दोन नोबेल! त्याच्या एका जाड सेलवर १८६५० लिहिलेलं असतं. ती किंमत नव्हे. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल. हा एकटाच ३.७ व्होल्ट देतो. चांगल्या सेलची साठवण साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. त्यावर ९,९०० छापलेलं दिसलं तर तो सेल नाही, थाप आहे. खाली ठेवा. आणि भरायला लावून झोपायचं नाही, अंथरुणावर तर नाहीच. बिघडलेला लिथियम सेल पेट घेतो.

खोक्यावर ‘२० तास’ लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ समजून घ्या. त्याच मापदंडात, उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचे तास मोजतात. विसाव्या तासाला तुमच्या हातात काजवाच उरलेला असतो.

मग घ्यावी कोणती? पावसाळ्यात वाऱ्याने तारा तुटल्या की दोन-दोन दिवस लाईट येत नाही. तेव्हा सेल आत बंद करून विकलेली, फक्त चार्जिंगवर चालणारी बॅटरी घरातली एकमेव बॅटरी असू नये. घरात आणि धुऱ्यावर माझं मत पेन्सिल सेलच्या, रुंद उजेडाच्या बॅटरीला. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. जागलीवाल्यांनी १८६५० ची घ्यावी, पण सेल बाहेर काढता येणारी, आणि एक भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत सोबत ठेवावा, किल्ल्यांबरोबर खिशात नाही. मोबाईलचा उजेड रुंद असतो, दोन-तीन पावलांपुरता बराच. पण तो संपला की हाक मारायचं साधनही संपतं.

तर या आठवड्यात कागद, तेल आणि मेणबत्ती घेऊन घरच्या बॅटरीची मजल काढा. खोक्यावरचा आकडा आणि तुमचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहा, सेल कोणते होते तेही लिहा, आणि पोस्टकार्डावर मला कळवा. सेल जुने असताना एकदा आणि नवे घातल्यावर एकदा, असे दोन आकडे पाठवाल तर फारच छान.