आजी नापास कशी झाली?

आशाताई घरी येते तेव्हा तिच्याजवळ सीबॅकचा फॉर्म असतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा. बीपी, शुगर, टीबी, कॅन्सर विचारून झालं की साठीपुढच्यांसाठी काही वेगळे प्रश्न येतात. त्यातला एक असा, की तुम्ही जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याच्या आजाराची, दारात येऊन होणारी विचारपूस ती एवढीच.

आता हा प्रश्न भामरागडच्या एखाद्या टोल्यावर विचारून बघा. आठ-दहा घरं, नंबर नाही, गल्ली नाही. तिथे पत्ता कोण कुणाला सांगणार? आणि नावांचं म्हणाल तर कितीतरी म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव जन्मात घेत नाहीत. (आपल्याकडे तरी उखाण्याशिवाय कुठे घ्यायच्या!) बाई विसरली की नाव घ्यायला लाजली, याला फॉर्मवर रकाना नाही.

पुढे दवाखान्यात गेलं की एमएमएसई. 1975 साली अमेरिकेत तयार झालेली 30 गुणांची चाचणी. आज तारीख काय, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, हे दोन पंचकोन काढा. एका शिबिरात मी शेजारीच उभा होतो. माडिया आजी, नातू दुभाषा. तारीख विचारल्यावर आजी म्हणाली, मोह पडायला लागलाय, मिरची तोडायला तेलंगणात गेलेली पोरं अजून यायची आहेत. मार्च महिना याहून नेमका कसा सांगायचा? शून्य. वजाबाकीलाही शून्य. हीच आजी उन्हाळ्यात तेंदूच्या सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. पेन तिने त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला, त्यामुळे पंचकोनांचं काय झालं ते सांगायला नको. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. घाईत होता आणि त्याच्याजवळ तोच कागद होता.

माझा राग वेगळाच आहे. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांत, नियम 13 मध्ये, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब दाव्याचा पुरावा म्हणून चालतो. सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी मिळाले ते 2009 मध्ये, याच गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला. म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण एका खात्याला पुरावा म्हणून हवी आणि दुसऱ्या खात्याच्या कागदावर तीच माणसं नापास. उद्या जमिनीच्या भांडणात कुणी तो कागद पुढे करून ‘बुढीचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हटलं, तर तिने काय करायचं?

उलटी चूकही तितकीच वाईट. ‘आदिवासींना असले शहरी आजार होत नाहीत’ हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागातल्या आदिवासींसाठी, त्यांच्याच लोकांना सोबत घेऊन वेगळी चाचणी तयार झाली. कंगवा, काडेपेटी, मग अशा रोजच्या वस्तू वापरून. तिने मोजल्यावर डिमेन्शिया तिथे देशातल्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. नीट विचारलं की आकडा कमीच होतो असं नाही, खरा होतो. आपल्याकडे मात्र ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नैराश्य यांनीही माणूस विसरतो आणि त्यावर औषध असतं. ते राहूनच जातं.

देशात हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. हरियाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात न शिकलेल्यांसाठी चाचणी बदलली. शब्द उलटा लिहायच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. आयसीएमआरने चाचण्यांचा संच केला तो पाच भाषांत: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्यात मराठीच नाही, तर गोंडीचं कुठे घेऊन बसलात! 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर आहेत.

लांब कशाला जायचं? मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने गडचिरोलीतच मण्यांचं श्वासमापक केलं. सुईणीला आधी शाळेत घातलं नाही, साधन बदललं.

मग इथेही भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवतीच्या आशाताईंना एकत्र बसवा आणि गोंडी, माडिया, कोलामीत प्रश्न त्यांनाच बांधू द्या. ओळखीच्या वाटेवर चुकते का? कडू कांदा किती वेळा धुवून शिजवायचा हे अजून लक्षात आहे का? भाजीत मीठ दोनदा पडतं का? दोन वर्षांपूर्वी करायची आणि आता जमत नाही असं काय आहे? आणि हे विचारायचं ते घरातलं कर्तं माणूस मिरचीहून परत आल्यावर. फेब्रुवारीत गेलात तर घरी म्हातारी आणि शाळेतलं पोर, दोघंच भेटतील.