दुष्काळ समुद्राचा, भूकबळी कोणाचे?

१८७६-७८च्या दख्खनच्या दुष्काळाविषयी अलीकडे एक वाक्य सर्रास वाचायला मिळते : 'तो एल निन्योमुळे पडला.' हे विधान अर्धेच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात लाखो माणसांचे मरण दडलेले आहे.

आधी समुद्राची बाजू. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात व्यापारी वारे उन्हाने तापलेले पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. पेरूच्या किनाऱ्याशी खोलातले थंड पाणी वर येते. काही वर्षांनी हे वारे मंदावतात. साचलेले उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते, त्यामागोमाग ढगही सरकतात, आणि भारतात मोसमी पाऊस दुबळा होण्याचा धोका वाढतो. १८७७-७८चा एल निन्यो अत्यंत तीव्र होता. त्याच काळात उत्तर चीन आणि ईशान्य ब्राझीलही होरपळले. मात्र दख्खनच्या पावसाने दगा दिला तो १८७६ मध्येच, एल निन्यो ऐन भरात येण्याआधी. तेव्हा सगळा भार त्याच्याच माथी मारता येत नाही.

आता माणसांची बाजू. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित केले. त्याच महिन्यात त्याचा प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल याने दुष्काळी कामांवरची मजुरी उतरवली : प्रौढ पुरुषाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा. दिवसभर खडी फोडणाऱ्याने एवढ्यावर जगायचे! मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला धारेवर धरले. धान्याची निर्यात मात्र थांबली नाही.

विलक्षण गोष्ट अशी, की हाच टेम्पल १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून लोकांना वाचवू शकला होता. तेव्हा उधळपट्टीचा ठपका बसला. दख्खनमध्ये त्याने काटकसर दाखवली. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. दक्षिण भारतातील मृतांचे अंदाज ५० लाखांच्या वर जातात.

१९७२ मध्येही एल निन्यो होता आणि महाराष्ट्रातले पीक करपले. हाल अतोनात झाले. पण सरकारने लाखो लोकांना रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणे अशी कामे दिली, सुकडी वाटली, आणि १८७७सारखे लाखोंचे बळी गेले नाहीत. उलट १९९७ मध्ये एल निन्यो प्रचंड असूनही भारताचा मोसमी पाऊस सरासरीइतका झाला.